दारातून दिसलेला घड्याळजी

सिनेमाच्या थिएटरात आयुष्य काढलेल्या माणसाने जगातले सगळे सिनेमे पाहिलेले असतात, असा एक भाबडा समज आहे. तो ज्याने पसरवला त्याने थिएटरात नोकरी केलेली नाही. नोकरी करणाऱ्याला सिनेमा दिसतो तो कामाच्या फटीतून, आणि फट जेवढी तेवढाच. बॅटरीमामांची फट इतरांपेक्षा बरी मोठी होती, पण तिलाही दोन्ही टोकांना कात्री लागलेली होती.

बॅटरीमामा म्हणजे खालच्या मजल्याचे डोअरकीपर. हातात कायम बॅटरी, म्हणून बॅटरीमामा. अंगाने किरकोळ, आणि वर खाकी कोट दोन मापं मोठा, कारण तो आधीच्या डोअरकीपरच्या मापाने शिवलेला होता आणि तो गृहस्थ आडवातिडवा होता. खेळ सुरू झाला की उशिरा येणारे धडपडत आत शिरायचे, आणि मामा त्यांच्या पायांपुढे उजेड टाकत त्यांना खुर्चीपर्यंत पोचवायचे. तेवढ्यात पडद्यावर कोण जन्मलं, कोण हरवलं, कुणाचा खून झाला याचा त्यांना पत्ता नसे. त्यांना दिसायचे फक्त बूट आणि चपला.

शेवटाची गोष्ट वेगळी. फार पूर्वी एकदा खेळ सुटताना दाराशी चेंगराचेंगरी झाली होती आणि एका बाईचा पाय मोडला होता. तेव्हापासून मॅनेजरांचा सक्त नियम होता की सिनेमा संपायच्या आधीच डोअरकीपरने बाहेर अंगणात जायचं, लोखंडी जाळी सरकवायची आणि दाराच्या दोन्ही झडपा उघडून धरून उभं राहायचं. त्यामुळे शेवट काय झाला हे मामांना बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडांवरून समजायचं. डोळे पुसत आले तर कुणीतरी गेलं, शीळ घालत आले तर लग्न लागलं. नियम म्हणजे नियम. आत चार टाळकी असली तरी मामा वेळेवर जाळी सरकवायला जात, आणि सुट्टीच्या दिवशी थिएटरकडे फिरकतसुद्धा नसत.

या थिएटरला पोसलं ते एका नटाने. त्याचं नाव घ्यायची तिथे पद्धत नव्हती. त्याला सगळे ‘मालक’ म्हणत. मालकाचा सिनेमा लागला की गेटवर गर्दी, नाही लागला की खुर्च्यांवर धूळ. चाळीसएक सिनेमांत त्याने काय काय केलं नव्हतं! कप्तान झाला, वकील झाला, चोर झाला, राजा झाला, भिकारी झाला. मग म्हातारा झाला, काम सोडून घरी बसला, आणि थिएटरही हळूहळू त्याच्यासारखंच म्हातारं झालं. शेवटी इमारत विकली गेली. आता तिथे फर्निचरचं गोदाम होणार होतं.

मॅनेजरांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मोठं थिएटर असूनही सगळे म्हणजे आता पाचच जण उरले होते. 

“शेवटचा खेळ आपला,” ते म्हणाले. “तिकीट नाही. तुम्ही आणि तुमच्या घरची माणसं. पिक्चर अर्थात मालकाचा. कुठला ते तुम्ही ठरवा, पण एकमताने ठरवा. नाहीतर मी ठरवीन, आणि मला भुताचे पिक्चर आवडतात.”

झालं. एवढं बोलून ते गेले आणि मागे रणधुमाळी माजली. मालकाचा सगळ्यांत भारी रोल कुठला? बाहेरच्या जगात या वादाचा निकाल कधीच लागला होता. कुठल्याही पोराला विचारा, तो कप्तानाची टोपी तिरकी घालून दाखवेल. पण आतल्या माणसांचं तसं नव्हतं.

बुकिंगवाल्या बाई मात्र कप्तानावर ठाम. “रांग कुठवर गेली होती माहीत आहे? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला वळसा घालून मागच्या गल्लीत! माणसं छत्र्या घेऊन, डबे घेऊन बसली होती. यापुढे बोलायचं काही कारणच नाही.”

“तुम्ही तो पाहिलाय का?” कँटीनवाल्याने विचारलं.

“मी खिडकी सोडून आत कशी येणार? पण रांग पाहिलीय ना!”

कँटीनवाल्याचा जीव वकिलावर. कँटीन आणि पडदा यांच्यात एकच पातळ भिंत, त्यामुळे चहा उकळता उकळता त्याने मालकाचा प्रत्येक सिनेमा ऐकला होता. वकिलाचं शेवटचं भाषण त्याला तोंडपाठ होतं. गाळणं हातात धरून त्याने ते तिथल्या तिथे म्हणून दाखवलं आणि वर म्हणाला, “काय आवाज लावलाय! आणि त्या भरघोस दाढीत तो काय दिसत असेल!”

“दाढी?” ऑपरेटर उडालाच. “अहो, मिशीसुद्धा नव्हती त्याला त्यात!”

कँटीनवाल्याचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं मनात वाढवलेली दाढी एका फटक्यात गेली म्हटल्यावर कुणाचंही होईल. पण त्याने लगेच उट्टं काढलं. ऑपरेटर वर मशीनच्या खोलीत बसायचा. तिथे यंत्राच्या घरघरीत एक अक्षर ऐकू यायचं नाही, तो काचेतून नुसता बघायचा. त्याच्या मते मालकाचा चोर म्हणजे कळस होता. ती चाल, ते वळून बघणं, ते गॅलरीतून उतरणं.

“आणि काय तडफदार बोलत असेल इन्स्पेक्टरला!” ऑपरेटर म्हणाला.

“तडफदार? तो तोतरा होता त्या पिक्चरमध्ये!” कँटीनवाला म्हणाला, आणि समाधानाने चहा ओतायला लागला.

सफाईवाल्या अक्का हसून हसून बाकावर कलंडल्या. त्यांनी मालकाचा एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. त्यांचं मत असं की ज्या सिनेमाला लोक कमी कचरा करतात तो चांगला, कारण तो बघताना खायची शुद्ध राहत नाही.

तीन दिवस हे चाललं. मामा रोज चहा घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि ऐकायचे. शेवटी अक्काच म्हणाल्या, “मामा, तुम्ही काय मिठाची गुळणी धरलीय? बोला की काहीतरी.”

“घड्याळजी,” मामा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळजी? तो चालला तरी होता का? बाईंना आठवलं, खिडकीवर बसून त्यांनी त्या दिवसांत एक अख्खा स्वेटर विणून काढला होता. पुढच्या सिनेमाची प्रिंट कुठेतरी अडकून पडली म्हणून मॅनेजरांनी तो नाइलाजाने आठवड्यामागून आठवडे ठेवला होता. ऑपरेटर म्हणाला, “त्यात काय आहे हो? एक माणूस घड्याळं दुरुस्त करतो, मुलीला सांभाळतो, शेवटी ती सुट्टीला कुठेतरी जाते.” कँटीनवाला म्हणाला, “छे, शेवटी कुणीतरी मरतं. नुसतं व्हायोलिन आणि रडणं.” 

“शेवटाचं मला माहीत नाही,” मामा म्हणाले. “पण त्याने मला वेणी घालायला शिकवली.”

आता हे सांगायला हवं, कारण मामांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मामांची बायको तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा मुलगी शाळेतही जात नव्हती. मुलीचं घरातलं नाव ठकू. ठकूची मावशी सुखवस्तू घरात दिलेली होती. बंगला, पुढे बाग, बागेत झोपाळा, दारात गाडी. आणि बाई मनाची मोठी, हे मामा आजही मानतात. तिने सरळ येऊन सांगितलं, “पोरीला माझ्याकडे द्या. माझ्या दोघांबरोबर तीही वाढेल. तुमची नोकरी ही अशी, दिवसभर अंधारातली. हिला जेवायला कोण घालणार? हिचे केस कोण विंचरणार?” मामांना राग यायला हवा होता, पण राग यायला जे म्हणणं खोटं असावं लागतं ते खोटं नव्हतं. दुपारी शेजारच्या काकू ठकूला सांभाळत, पण त्या बिचाऱ्या वातामुळे हात वर करू शकत नसत. पोरीच्या केसांचा अक्षरशः गुंता झाला होता. मामांनी मावशीकडे थोडे दिवस मागून घेतले.

नेमका त्याच दिवसांत घड्याळजी लागला. मध्यंतरानंतर लोक वेफर्सच्या पुड्या घेऊन स्थिरस्थावर झाले, मामा आपल्या जागी, पडद्याच्या डावीकडच्या दाराशी येऊन टेकले, आणि त्यांनी वर पाहिलं. मालक एका खुर्चीवर बसला होता. पुढ्यात छोटी मुलगी. डोळ्यावर घड्याळजीचं ते एका डोळ्याचं भिंग तसंच विसरून राहिलेलं, आणि तो तिचे केस विंचरत होता. मग त्याने वेणी घातली. कॅमेरा हलला नाही. पहिल्या पेडापासून रिबिनीच्या गाठीपर्यंत पडद्यावर फक्त मालकाची बोटं होती. एकदा चुकली, सुटली, त्याने परत धरली.

मामा दुसऱ्या खेळाला त्या जागी हजर. तिसऱ्यालाही. दाराला मखमली पडदा होता आणि त्याला खाली लांब झालर होती. मामा अंधारात ती झालर हातात धरून मालकाबरोबर पेड टाकायला शिकले. 

“म्हणजे ते तुम्ही होता होय!” अक्का किंचाळल्या. “सकाळी बघावं तर झालरीला वेण्या! मी सोडवून सोडवून थकले. मॅनेजरसाहेबांना वाटायचं मीच कामचुकारपणा करत बसते!”

“मीच तो,” मामा म्हणाले. कान लाल झाले होते त्यांचे.

महिना उलटायच्या आत ठकू वेणी घालून शाळेत जायला लागली. आता मामा पडद्याच्या अगदी कडेला उभे राहून शिकलेले. तिथून सगळंच तिरकं दिसायचं, त्यामुळे पोरीची वेणी कायम डाव्या कानाकडे ओढ घ्यायची. शाळेतल्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं होतं की हिची मान दुखते का. पण वेणी होती, घट्ट होती, आणि संध्याकाळपर्यंत सुटायची नाही. मामांनी मावशीला ठणकावून सांगितलं, “पोरगी माझ्याकडेच राहील. एकटा पुरुष मुलीला वाढवू शकतो. विश्वास नसेल तर तो घड्याळजीचा पिक्चर बघा, म्हणजे समजेल.” मावशीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “पाहिलाय मी तो,” आणि पर्स उचलून गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही. ठकूला पुस्तकं पाठवायची, स्वेटर पाठवायची, पण ‘द्या’ म्हणाली नाही. मालकाने काम केलं, मामांना वाटलं.

हे सगळं सांगून झालं. कँटीनवाल्याचा चहा उतू गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग बाई म्हणाल्या, “कप्तान काय, सगळ्यांनी पाहिलाय,” आणि ऑपरेटर प्रिंटची चौकशी करायला उठला.

एक गोष्ट मात्र मामांनी तिथेही सांगितली नाही. ठकू आता शाळेची बस चालवते. पिवळी बस, पुढे मोठा आरसा, मागे चाळीस पोरं. मावशीची मुलगी मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, मुलगा पूल बांधतो. ठकूने कधी तक्रारीचा शब्द काढला नाही, ती बसमध्ये मजेत असते, पोरांवर ओरडते आणि त्यांच्या टोप्या जपून ठेवते. पण मामांच्या मनात एक किडा होता आणि तो कधी मेला नाही. आपण तिला ठेवून घेतली ती तिच्यासाठी की आपल्यासाठी? त्या बागेतून, त्या घरातून, त्या शिक्षणातून आपण पोरीला ओढून तर काढलं नाही? असं फार वाटायला लागलं की ते मालकाला आठवायचे. मालकाने केलं तेच आपण केलं. एवढा मोठा माणूस, तो चुकेल का? या एका आधारावर ते इतकी वर्षं उभे होते.

रविवारी दुपारी शेवटचा खेळ झाला. मॅनेजरांनी मामांच्या हातातून बॅटरी काढून घेतली. “आज दार माझ्याकडे. तुम्ही बसा.”

“पण साहेब, जाळी जरा अडते, वर उचलून सरकवावी लागते.”

“मामा, बसा म्हटलं ना!”

ठकू शेजारी बसली. तिनेही हा सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. सिनेमा म्हणजे तिच्या लेखी बापाचं ऑफिस, आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या ऑफिसात कोण जातं? आईला तू म्हणतात आणि बापाला तुम्ही. हिला दोन्ही एकातच मिळाल्यामुळे ती जे तोंडाला येईल ते म्हणायची, बहुतेक वेळा एकाच वाक्यात दोन्ही.

मामांना खुर्चीत बसता येईना. जरा उठले की खुर्चीची बैठक फटकन मिटायची. दिवे गेले, मालक पडद्यावर आला, आणि मामा जरा मोठ्यानेच म्हणाले, “हा एवढा भरदार होता?” कडेच्या दारातून तो त्यांना जन्मभर चेपून काडीसारखा दिसला होता. समोरून बघितल्यावर समजलं की गडी चांगला रुंद छातीचा आहे. मागून ऑपरेटरची बायको हसली.

पहिला पाव तासही त्यांनी आज प्रथमच पाहिला. घड्याळजीची बायको कशी जाते ते दिसलं. तिच्या माहेरची श्रीमंत माणसं दिसली, मोठी गाडी दिसली. मामा जरा सावरून बसले. मग ती खुर्ची आली, ती छोटी मुलगी, ते भिंग. मामांचे हात मांडीवर आपोआप हलायला लागले.

“बाबा,” ठकू कुजबुजली, “हिची वेणी तर सरळ आहे!”

“दारातून तिरकी दिसायची गं.”

ठकूने तोंडावर रुमाल धरला. खांदे गदगदत होते तिचे, आणि मामाही हसत होते. इतकं सुख त्या माणसाला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मग व्हायोलिन सुरू झालं. ते सुरू होताच मामांचे पाय उठले. डोकं कुठे होतं कोण जाणे, पण पायांना ठाऊक होतं की आता जाळी. ते अर्धे उभे राहिले, ठकूने कोट धरून खाली ओढलं. “बसा हो! तू कुठे निघालास?”

“दार...”

“साहेब आहेत दारात.”

मामा बसले. इथून पुढचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

पडद्यावर ती मोठी गाडी घड्याळजीच्या दुकानापुढे थांबली. आजी उतरली, आजोबा उतरले. घड्याळजीने मुलीची पेटी आधीच भरून ठेवलेली होती. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, थोडे दिवस जा, मजा कर, मी येतोच मागून. आणि आजोबांच्या कानाशी कुजबुजला, आता ही तुमचीच. तो मागून जाणार नव्हता. त्याने मुलगी देऊन टाकली होती. तिच्या भल्यासाठी. गाडी निघाली, तो दुकानात आला, आणि भिंतीवरच्या घड्याळांना एकेक करून किल्ली देत राहिला. पडदा भरून मालकाचा चेहरा आला. डोळ्यांत पाणी, पण पडत नव्हतं. मग पडलं. संपलं.

दिवे लागले तेव्हा सगळं थिएटर रडत होतं. बुकिंगवाल्या बाई मोठ्याने नाक शिंकरत म्हणाल्या, “खुळ्यासारखी मी रांगा बघत बसले!” ऑपरेटर मागून धावत पुढे आला. आज मशीन जुन्या मित्राकडे सोपवून तो शेवटच्या भागाला खाली, आवाज ऐकत, उभा होता. “सुट्टीला नव्हती जात ती!” तो म्हणाला. “मामा, मानलं. चोरबीर काही नाही. हाच. काय त्याग दाखवलाय!” कँटीनवाल्याने तर मामांचे दोन्ही हात धरले. “तो चेहरा! नुसता ऐकून काय समजणार हो! मामा, तुमचंच खरं. मालकाचा सगळ्यांत मोठा रोल हाच.”

“चुकला मालक,” मामा म्हणाले.

“काय?”

“चुकला. पोर देऊन टाकली त्याने.” मालकाविरुद्ध त्या इमारतीत आजवर कुणी शब्द काढला नव्हता, आणि मामांनी तर कधीच नाही. “एवढी वेणी घालायला शिकला, आणि देऊन टाकली? कशाचा त्याग? कसला मोठा रोल? माझं मत मी काढून घेतो.”

ज्याच्यापायी सगळे घड्याळजीचे झाले, तोच एकटा पलटला होता. मामा वाट काढत बाहेर अंगणात आले. ठकू मागून आली. मॅनेजर जाळी अर्धवट सरकवून घाम पुसत होते. दोघांची तोंडं बघून ते समंजसपणे आत गेले.

मामा जाळीला धरून उभे राहिले. “मावशीने पाहिला होता हा,” ते म्हणाले. “मी तिला ऐटीत सांगितलं, घड्याळजी बघा म्हणून. ती म्हणाली, पाहिलाय. काय वाटलं असेल तिला?”

“तिला वाटलं असेल, शेवट बघूनही हा माणूस नाही म्हणतोय. म्हणूनच गप्प बसली ती. मला एकदा म्हणाली होती, तुझ्या बापापुढे माझं काही चालत नाही.”

“पण मी शेवट बघितला नव्हता ठकू!” मामांना आता आवरेना. “बघितला असता तर तुला मावशीकडे दिली असती गं मी. खरंच दिली असती. मालक देतो म्हणजे तेच बरोबर, असं म्हणून पेटी भरली असती. माझी अक्कल ती केवढी! आणि दिली असती तर तू आज मोठ्या घरात, मोठ्या कामावर...” मग त्यांनी जन्मात न विचारलेलं विचारलं. “तुला दिली असती तर बरं झालं असतं का?”

ठकूने लगेच उत्तर दिलं नाही. ती लगेच ‘नाही’ म्हणाली असती तर मामांनी विश्वास ठेवला नसता, आणि ते तिला माहीत असावं.

“तुम्ही सगळे मालकाकडे बघत होता,” ती म्हणाली. “गाडी निघाली तेव्हा ती पोरगी मागच्या काचेतून बघत होती. दिसली तुला?”

“एवढीशी दिसली.”

“एवढीशीच दाखवली. ती रडत होती का?”

मामांनी आठवून पाहिलं. “नाही. गप्प होती. हात हलवत होती.”

“मी रोज आरशात पोरांची तोंडं बघते बाबा. नवीन पोर बसमध्ये चढलं ना, की घर दिसतंय तोवर रडत नाही. अगदी शहाण्यासारखं हात हलवतं. आई-बापाला वाटतं, वा, किती गुणाचं आहे. मग मी वळण घेते, घर दिसेनासं होतं, आणि त्यानंतर जे रडतं ते मला एकटीला दिसतं.” तिने बापाचा कोट खांद्यावर नीट केला, तो नेहमीसारखा एका बाजूने घसरला होता. “यांनी वळण यायच्या आधीच पिक्चर संपवला. आणि माझ्या बसमधली पोरं तरी संध्याकाळी परत घरी येतात. ती नव्हती येणार.”

मामांनी जाळीवरचा हात काढला.

“मला बाग आवडली असती,” ठकू म्हणाली. “खोटं कशाला बोलू? झोपाळाही आवडला असता. पण मी त्या झोपाळ्यावर बसून रोज रस्त्याकडे बघत बसले असते, की तू मागून येतोयस का. बरं झालं, तुझी ड्युटी बाहेर होती.”

बॅटरीमामांनी हजारो लोकांना त्या दारातून डोळे पुसत बाहेर पडताना पाहिलं होतं. आता ते स्वतः तिथे उभे राहून भर उन्हात रडले, आणि लेकीने त्यांना रडू दिलं.